तिसऱ्या गाण्यातलं दार

१

ढमीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं. लहानपणी डब्यावर, पाटीवर, भिंतीवर, हाताला लागेल त्यावर ती ताल धरायची, म्हणून दादाने तिला ढमी म्हणायला सुरुवात केली आणि गावाने ते उचललं. आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचायला लागलं की हिची बोटं काउंटरवर वाजायला लागत, आणि दोन ओळींनंतर गिऱ्हाईकही तालात वाचायला लागे. त्यामुळे नंबर चुकतो अशी दुकानाच्या मालकाची जुनी तक्रार होती.

या सगळ्याच्या मुळाशी एक कॅसेट होती. ‘उलटे पंखे’ नावाचा चौघांचा बँड होता. त्यांची एकच कॅसेट निघाली आणि ती या गावात कधी विकायला आलीच नाही. पण ढमी सोळा वर्षांची असताना एका दुपारी रेडिओवर ती पूर्ण वाजवली. जोडायला वायर नव्हती, म्हणून ढमीने टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवला, बटण दाबलं आणि श्वास रोखून बसली.

तिसऱ्या गाण्यात एक जागा अशी होती की सगळी वाद्यं थांबत. नेमक्या त्या जागी शेजारच्या खोलीतून आत्या म्हणाली, “दार लाव गं, वारा येतोय.”

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिचा शब्द न् शब्द सुटा आणि स्वच्छ यायचा. ढमीने चवड्यांवर जाऊन दार लावलं, ते धाडकन लागलं, आणि गाणं पुढे सुरू झालं. हे सगळं टेपवर आलं.

ती कॅसेट दादाने आपल्या मित्राला दिली. मित्राने तिची कॉपी केली, त्या कॉपीची टायरच्या दुकानातल्याने केली, आणि दोन-तीन वर्षांत गावात चार बँड उभे राहिले. चारही बँड तिसरं गाणं म्हणत, आणि चारही बँडमध्ये मधल्या जागी कुणीतरी पुढे येऊन, सुटं आणि स्वच्छ, “दार लाव गं, वारा येतोय,” म्हणे. ही ओळ कोणी म्हणायची यावरून दोन चुलतभावांनी वीस वर्षं एकमेकांशी अबोला धरला होता. दादाचा तो मित्र पुढे शाळेत भूगोल शिकवायला लागला आणि सगळ्यांचा मास्तर झाला. त्याने साप्ताहिकात लेख लिहून दार म्हणजे आपली कोती मनं आणि वारा म्हणजे बदलता काळ असं सिद्ध केलं होतं. ढमी मास्तरच्याच बँडमध्ये ड्रम वाजवायची. स्वतः लावलेल्या दाराचा आवाज तिने कितीतरी कार्यक्रमांत मोठ्या ड्रमवर काढला होता.

खरं काय ते तिला आणि दादाला ठाऊक होतं. आधी मजा म्हणून त्यांनी ते सांगितलं नाही. नंतर सांगायची लाज वाटायला लागली. पुढे कुणीतरी ती कॅसेट नेटवर चढवली, तीही याच गावची कॉपी. पंख्यांचं आपल्या कॅसेट कंपनीशी फाटलं होतं, त्यामुळे मूळ कॅसेट कुठेच मिळत नव्हती, आणि ताडून बघायचा प्रश्नच उरला नाही.

२

उलटे पंखे पुन्हा एकत्र येणार आणि आपल्या गावात वाजवणार ही बातमी मास्तरने थेट दुकानात आणली. समोर एक आजोबा एका डोळ्यावर हात ठेवून बसले होते, पण मास्तरला त्यांचं भान नव्हतं. हॉल फक्त रविवारी दुपारी तीन वाजता मिळाला होता, कारण संध्याकाळी तिथे विमा एजंटांचा मेळावा होता. आयोजक मास्तरच होता.

ढमीला आनंद झालाच. बत्तीस वर्षं ज्यांची वाट पाहिली ती माणसं तिच्या गावात येणार होती. पण आनंदाच्या पाठोपाठ तिला पुढचं सगळं दिसायला लागलं. सहाशे माणसं मधल्या जागी एका आवाजात आत्याचं वाक्य म्हणणार, आणि चारही पंखे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहणार. मग चौकशी होणार, आणि सगळं तिच्या दारात येऊन थांबणार.

दादा पाणीखात्यात मीटर तपासायचा. लोक काय काय लपवतात ते रोज बघून तो शांत झाला होता. तो म्हणाला की मास्तरला सांगून टाक, होऊन होऊन काय होईल. म्हणून ढमी शाळेत गेली. मास्तरने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कार्यक्रमाआधी करायचं भाषण पूर्ण वाचून दाखवलं. भाषण दाराविषयी होतं. दोन वाक्यं त्याला इतकी आवडली की ती त्याने पुन्हा वाचली. ढमी पाणी पिऊन परत आली.

आत्या दोघांच्या घरी आलटून पालटून राहायची. लग्न तिने केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची हिंमत घरात कुणाचीच झाली नव्हती. आता ती ब्याऐंशीची होती आणि तिचे कान पार गेले होते. कानात घालायची यंत्रं ती चष्म्याच्या घरात घालून कपाटात ठेवायची. या बँडच्या वेडाला तिने बत्तीस वर्षांत एकदाही भीक घातली नव्हती. रविवारी घरी थांबशील का, हे विचारण्यासाठी ढमीने कागदावर कार्यक्रमाचं लिहून दाखवलं. आत्याने कागद दोनदा वाचला आणि मीही येते म्हणाली.

“चार तिकिटं काढ,” ती दादाला म्हणाली. “डाव्या बाजूच्या दाराजवळची.”

दादाने बोटांवर मोजून दाखवलं की ढमीचा नवरा येणार नाही, त्यामुळे आपण तिघंच.

“पर्स ठेवायला जागा लागते,” आत्या म्हणाली.

आत्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून दादाने चार काढली.

३

हॉल म्हणजे जुनं थिएटर होतं. खुर्च्या घडीच्या, आणि त्यांच्या स्प्रिंगा अशा कडक की माणूस उठला रे उठला की बैठक फटकन वर जायची. डाव्या भिंतीत बाहेर पडायचं लोखंडी दार होतं. त्याला आतून दाबायची आडवी दांडी होती. दारावरच्या माणसाने आल्याआल्याच बजावलं होतं की हे बाहेरून उघडत नाही, तेव्हा चहाला म्हणून कुणी इथून बाहेर पडलात तर बसाल उन्हात.

दादा, ढमी, आत्या आणि कडेच्या खुर्चीवर आत्याची जडशीळ पर्स असे ते पाचव्या रांगेत बसले. आत्याने पावडर लावली होती, केस नीट पिना लावून बसवले होते. कानातली यंत्रं घरीच राहिली, हे ढमीला तिथे पोचल्यावर कळलं. म्हणजे आत्या गाण्यांच्या कार्यक्रमाला आली होती आणि तिला काहीही ऐकू येणार नव्हतं. हे ढमीने हातवारे करून तिला सांगायचा प्रयत्न केला. आत्याने पेपरमिंटची एक गोळी तोंडात टाकली, एक ढमीला दिली, आणि दाराकडे पाहिलं.

गावातलं झाडून सगळं गाणारं-वाजवणारं तिथे आलं होतं. टायरच्या दुकानातला आला होता. त्याचं पोट आता इतकं पुढे आलं होतं की गिटार धरली तर ती पोटावर उताणी पडली असती. अबोला धरलेले चुलतभाऊ एकाच रांगेच्या दोन टोकांना बसून मनातल्या मनात ओळ घोटत होते. मास्तरने अकरा मिनिटं भाषण केलं. शेवटी टाळ्या पडल्या त्या तो थांबला म्हणून.

मग उलटे पंखे आले. चार म्हातारी माणसं. एकाच्या हातात काठी, आणि ड्रमवाल्याने बसण्यापूर्वी स्टुलावर उशी ठेवून ती दोनदा ठोकून पाहिली. ढमीला क्षणभर वाईट वाटलं. पण त्यांनी पहिलं गाणं सुरू केलं आणि तिला पुढचं काही दिसेनासं झालं. आजवर हे गाणं तिने टेपच्या खरखरीतून ऐकलं होतं. ती खरखर म्हणजेच गाणं अशी तिची समजूत होती, आणि आता ती निघून गेल्यावर खाली जे होतं ते तिच्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठं निघालं. तिने डोळे पुसले. दादाही पुसत होता, पण घाम पुसल्यासारखं दाखवत होता.

४

तिसरं गाणं सुरू झालं तसं ढमीने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. मधली जागा जवळ येत चालली. मागच्या रांगांमधून सहाशे लोकांनी श्वास घेतल्याचं तिला ऐकू आलं.

वाद्यं थांबली.

“दार लाव गं, वारा येतोय.”

लोकांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. आवाज एकटीचा होता, बाईचा होता, सुटा आणि स्वच्छ होता. ढमीने आत्याकडे पाहिलं. आत्या गोळी चघळत होती. तिचे ओठ मिटलेले होते. आणि आवाज ब्याऐंशीचा नव्हताच, पन्नाशीच्या बाईचा होता.

मग सगळा हॉल ओरडला, उशिरा आणि बेताल, पण आनंदाने. चुलतभाऊ तर उभेच राहिले.

ढमीचं डोकं भराभर चालायला लागलं. मास्तरने कॅसेट लावली असणार. त्याने पंख्यांना नेटवरची कॉपी पाठवली असणार, आणि ते हौसेने ती वाजवत असणार. हे तिला पटलंही. पण मग आता दाराचा धाडकन आवाज यायला हवा होता. तिची बोटं त्यासाठी वर उचललेलीसुद्धा होती.

तो आला नाही. पंखेही पुढे वाजवेनात. चौघंही हॉलच्या डाव्या भिंतीकडे मान वळवून बघत होते.

लोखंडी दार उघडं होतं. दांडी कुणी दाबली नव्हती, जवळपास कुणी नव्हतंच. दार वीतभर उघडलं, मग हातभर, आणि दुपारचं ऊन जमिनीवर पट्टीसारखं आत आलं. वारा आला. गार होता आणि त्याला बंद घराचा वास होता. बाहेर तर ऊन रणरणत होतं.

ढमीला त्या क्षणी एकच गोष्ट आठवली. त्या दुपारी तिने दार लावलं, तेव्हा तिची नजर टेपरेकॉर्डरवर होती. दार तिने पाठीमागे हात नेऊन ढकललं होतं. दारात कोणी उभं होतं की नव्हतं, हे तिने पाहिलंच नव्हतं. बत्तीस वर्षांत तिला ते कधी सुचलंही नव्हतं.

आता तरी उठावं आणि लावून यावं, असा विचार करून ती अर्धवट उठली. तिची खुर्ची फटकन वर गेली. आत्याने तिचं मनगट धरलं. त्या हातात एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“राहू दे उघडं,” आत्या म्हणाली.

आणि तिने कडेच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

५

पर्स उचलली तशी बैठक फटकन वर गेली. स्प्रिंग कडक होती, जायलाच हवी होती. ढमी तिकडेच बघत होती. बैठक काही वेळ वर राहिली. मग ती हळूहळू खाली आली, पूर्ण खाली, आणि खालीच राहिली. खुर्ची थोडी कुरकुरली.

ड्रमवाल्याने काठीवर काठी चार वेळा आपटली आणि गाणं पुढे सुरू झालं.

उरलेला कार्यक्रम पाऊण तास चालला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो कार्यक्रम, आणि त्यातलं एक गाणं ढमीच्या डोक्यात शिरेल तर शपथ. ती त्या बैठकीकडे बघत होती. स्प्रिंग तुटली असेल. जुनं थिएटर आहे, तुटतात. आधी वर गेली हे खरं, पण तुटायच्या आधी शेवटची जात असेल. तिने दादाला कोपर मारून दाखवलं. दादाने वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मीटर उलटा फिरताना दिसावा तसा चेहरा करून पुन्हा स्टेजकडे तोंड केलं.

“तू जाऊन दाबून बघ,” ढमी त्याच्या कानात म्हणाली.

“मी का?”

“मीटर तपासतोस ना.”

“त्याचा काय संबंध,” दादा म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

आत्या मजेत होती. बहिरी बाई, पण मान तालावर हलत होती, आणि ताल बरोबर होता. एकदा तिने पेपरमिंटची पुडी उघडून कडेच्या खुर्चीपुढे धरली. थोडा वेळ धरून ठेवली. मग पुडी मिटून पर्समध्ये टाकली. त्यातली गोळी कमी झाली का, ते ढमीला तिच्या जागेवरून दिसलं नाही, आणि दिसलं नाही हे बरंच झालं असं तिचं मत होतं.

शेवटच्या गाण्याला सगळा हॉल उभा राहिला. सहाशे बैठका एकदम फटाफट वर गेल्या. एक सोडून. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आत्या सावकाश पर्स सावरत उठली. आणि ती उठल्यावर, मधे एक श्वास जाऊ देऊन, कडेची बैठकही अगदी हळू, हाताने धरून सोडावी तशी, वर गेली.

६

मास्तरने त्यांना ओढतच स्टेजमागे नेलं. गावातली पहिली कॅसेट हिची म्हणून त्याला ढमीची ओळख करून द्यायची होती. आत्या बाहेरच्या बाकावर थांबली. मला सोबत आहे, तुम्ही जाऊन या, असं तिने सांगितलं. त्या बोलण्याचा विचार करायचा नाही असं ढमी आणि दादाने, एकमेकांशी न बोलता, ठरवलं.

पंख्यांचा गायक टॉवेलने मान पुसत होता. ढमीने सोळाव्या वर्षापासून या माणसाशी मनात हजार वेळा बोलणं केलं होतं, आणि आता ती त्याच्या चपलांकडे बघत उभी राहिली. गायकाने आधी माफीच मागितली. तिसऱ्या गाण्यात आम्ही मधेच थांबलो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तो म्हणाला. हॉलमधल्या कुणी बाई बोलल्या, आणि आम्हा चौघांना वाटलं की आपल्यालाच सांगतायत.

मास्तर हसला. “म्हणजे, ते गाण्यातच आहे ना.”

“काय आहे?”

“दार लाव गं.”

“कुठल्या गाण्यात?” गायकाने विचारलं.

मास्तरचा चेहरा बघवत नव्हता. त्याने ढमीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि मीटरमध्ये खिळा घातलेला सापडल्यावर लोक बघतात तसं दादाने जमिनीकडे पाहिलं. मग ढमीने सगळं सांगितलं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, आत्या, दार. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते चार वाक्यांत संपलं. मास्तर एका स्पीकरवर बसला.

“माझा लेख,” तो म्हणाला.

“लेख चांगला होता,” ढमी म्हणाली. हे तिने मनापासून सांगितलं.

गायकाला मात्र वेगळंच काहीतरी सतावत होतं. त्याने तिला बाजूला घेऊन विचारलं, की त्या दारातून जे आत आले ते तुमच्यापैकी होते का. ढमीने विचारलं, कोण आत आलं. गायक सांगायला लागला आणि थांबला. माझ्या डोळ्यांवर तिथले दिवे होते, तो म्हणाला, आणि चष्मा मी स्टेजवर लावत नाही.

“नंबर किती आहे?” ढमीने सवयीने विचारलं.

त्याने सांगितला. तेवढ्या नंबराला पाचव्या रांगेपर्यंत काहीच धड दिसत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिचा जीव भांड्यात पडला. निघताना गायक मागून म्हणाला, “टोपी मात्र त्यांनी आत आल्यावर काढली. सभ्य वाटले.”

७

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. विम्याचे एजंट टाय सावरत आत शिरत होते. आत्या बाकाच्या एका टोकाला बसली होती. दुसऱ्या टोकाला एक एजंट बसायला गेला, बसता बसता थबकला, कुणाची तरी क्षमा मागितली आणि पुढे गेला.

दादाने गाडी आणली. ढमीने आत्यासाठी पुढचं दार उघडलं, कारण आत्याचे गुडघे मागच्या सीटवर वळत नाहीत. गेली दहा वर्षं ती पुढेच बसायची.

“तू बस पुढे,” आत्या म्हणाली. “आम्ही मागे बसतो.”

ती स्वतः आत शिरून पलीकडच्या खिडकीपर्यंत सरकली. गुडघ्यांची काही तक्रार केली नाही. गाडी एकदा तिच्या वजनाने खाली गेली. दादा आणि ढमी फुटपाथवर उभे होते. मग गाडी आणखी एकदा खाली गेली.

ढमीच्या मनात आलं, चालत जावं. दुकान इथून पंधरा मिनिटांवर आहे, घर पंचवीस. पण आत म्हातारी आत्या होती, आणि तिला एकटीला कसं सोडायचं. एकटी हा शब्द मनात आल्यावर तिला हसू फुटलं आणि ते तिने लगेच आवरलं. ती पुढे बसली. दादा बसला. गाडी सुरू करण्यापूर्वी त्याने हात वर करून आतला आरसा पार छताकडे वळवला. लहानपणापासून दादाने तिच्यासाठी जे काही केलं, त्यात हे एक होतं.

वाटेत आत्या बोलत होती. बत्तीस वर्षं ज्याने गाव पाहिलं नाही अशा माणसाला सांगावं तसं सांगत होती. इथे टायरचं दुकान होतं, आता दवाखाना झालाय. एक्स्चेंज पाडलं, तिथे गाड्या लावतात. ही ढमी, एवढीशी होती, आता लोकांचे डोळे तपासते. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबे. थांबणं कधी लहान असे, कधी मोठं, समोरचा जेवढं बोलेल तेवढंच. आणि मग ती “हो” म्हणे, किंवा “नाही रे” म्हणे, आणि पुढचं सांगायला लागे. यंत्रं घरी कपाटात होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

शेवटच्या वळणावर दादाने गाडी हळू केली. मागे आत्या बोलायची थांबली होती. हे थांबणं सगळ्यात लांब होतं. ढमीने मान वळवायची नाही असं ठरवलं, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि समोरच्या काचेवरच्या एका डागाकडे बघत राहिली.

मग आत्या हसली. मोठ्याने, मान मागे टाकून, तोंडावर हात न घेता. घरात अठ्ठेचाळीस वर्षांत ढमीने ते हसू एकदाही ऐकलं नव्हतं, आणि ते कुणाच्या बोलण्यावर आलं होतं हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच अगदी मनापासून जाणून घ्यायचं नव्हतं.